अब्बाजींसाठी इलेक्ट्रिक गिटार

यंदाच्या अंकाचा विषय ‘हिशोब’ आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानदारांच्या वह्या, उसाची बिलं, लग्नातला खर्च असलं काहीतरी असणार. ‘मी एका गिटारच्या अल्बमवर लिहू का?’ असं विचारल्यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘लिहा, पण हिशोब दिसला पाहिजे.’

ज्या अल्बमबद्दल मी बोलत होते त्याचं नाव ‘फ्लोटिंग पॉइंट’. २००७ साली पासष्ट वर्षांचा एक इंग्रज गिटारवादक चेन्नईत आला, स्टुडिओत वादकांना जमवून आठ रचना त्यानं मुद्रित केल्या आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या, स्वतंत्र कंपनीनं त्या बाजारात आणल्या. वादकाचं नाव जॉन मॅक्लॉफ्लिन. अल्बममध्ये जवळजवळ शब्दच नाहीत. शंकर महादेवन यांचा आवाज आहे, पण तोही एखाद्या वाद्यासारखा येतो आणि जातो. बाकी गिटार, ड्रम, बेस, कीबोर्ड, सॅक्सोफोन. पहिल्या रचनेचं नाव ‘अब्बाजी’, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ. मुंबईत दर ३ फेब्रुवारीला पहाटे षण्मुखानंद सभागृहाबाहेर ज्यांच्या स्मृतिदिनाच्या मैफिलीसाठी रांग लागायची, तेच अब्बाजी.

तबल्याच्या उस्तादाला वाहिलेली रचना, आणि मूळ संचात तबला नाही. याच गोष्टीनं मला या अल्बमपाशी अडकवून ठेवलं. तबला नसताना त्या रचनेत अल्लारखाँ कुठे असतात, हे शोधायला मी माटुंग्यापासून पुण्यापर्यंत बरीच दारं ठोठावली.

दोन बाजूंना बसलेले दहा जण

जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत एकत्र आणायची खटपट जुनी आहे, आणि तिच्यात मराठी माणसं पहिल्यापासून आहेत. १९६६ सालच्या ‘इंडो-जॅझ स्वीट’ या अल्बमचं श्रेय कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मायर आणि जमैकाहून लंडनला गेलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांना दिलं जातं. त्या तबकडीवरची वादकांची यादी वाचा: तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात या दोघांची नावं फारशी कुणी घेत नाही. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा १९६७ मध्ये लंडनला पोचला आणि दोनच वर्षांत ‘इंटिग्रेशन’ नावाचा अल्बम घेऊन आला. त्यालाही आपण विसरलो.

मायर-हॅरियट यांच्या बैठकीची रचना साधी होती. पाच भारतीय बाजूचे, पाच जॅझवाले. संगीत लिहून काढलेलं. भारतीय बाजूनं रागाची चौकट मांडायची, जॅझच्या बाजूनं तीत आपले सूर भरायचे. आजही ऐकायला ते छान वाटतं, पण ऐकताना दोन्ही बाजू एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत आहेत, असं मला सारखं वाटत राहतं. पुढं ‘फ्यूजन’ म्हणून जे बरंच काही निघालं त्यात ही सभ्यतासुद्धा उरली नाही. पाश्चात्त्य ठेक्यावर सतारीचा एक तुकडा टाकायचा, मागं तानपुरा लावायचा, झालं. सतार निघून गेली तरी गाण्याचं काही बिघडत नाही, अशी ती भेसळ.

मॅक्लॉफ्लिन यांनी १९७५ च्या सुमारास ‘शक्ती’ उभी केली तेव्हा उलटी चाल केली. यॉर्कशरमधल्या डॉन्कास्टरचा हा माणूस तोवर मोठा झाला होता. माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बममध्ये एका तुकड्याला चक्क त्याचं नाव आहे. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या त्याच्या इलेक्ट्रिक बँडचा ‘बर्ड्स ऑफ फायर’, ज्याची शीर्षक-रचना अठरा मात्रांवर धावते, अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या वीसांत पोचला होता. एवढं सगळं असताना त्यानं विजेचा आवाज बंद केला, लाकडी गिटार घेतली आणि मांडी घालून बसला. शेजारी एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम एका बैठकीत नियमानं वाजवणं हेही तेव्हा नवंच होतं. ‘शक्ती’त पाहुणा तोच होता. यजमानांच्या घरी जाऊन, त्यांच्या पंक्तीला बसून, त्यांच्यासारखाच हातानं तो जेवला.

‘फ्लोटिंग पॉइंट’ या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. गिटार पुन्हा विजेची. बैठक मोडलेली. ड्रमवर मुंबईचे रणजित बारोट, कीबोर्डवर मुंबईचेच लुई बँक्स, तालवाद्यांवर शिवमणी, बेसवर आद्रियाँ फेरो नावाचा बाविशीतला फ्रेंच मुलगा, सॅक्सोफोनवर अमेरिकेचे जॉर्ज ब्रुक्स. सतारवाले नीलाद्री कुमार, गिटारवाले देबाशिष भट्टाचार्य, बासरीवाले शशांक, मँडोलिनवाले यू. राजेश हे अधूनमधून येऊन आपला तुकडा वाजवून जातात. म्हणजे ज्यांच्याकडून ‘भारतीय’ रंगाची अपेक्षा करावी ते पाहुणे, आणि घर चालवणारे मुंबईचे ड्रमर आणि कीबोर्डवाले. सतार ऐकून मान डोलावणाऱ्याला इथं थोडं चुकल्यासारखं होईल. इथलं हिंदुस्थानपण सुरांत शोधू नये. ते मोजणीत आहे.

माटुंग्यात तोंडानं वाजणारा मृदंग

मोजणी बघायची तर माटुंग्याला जावं. स्टेशनच्या पूर्वेला, फुलवाल्यांच्या आणि केळीच्या पानांच्या दुकानांवरून पुढं, एका जुन्या इमारतीत एक गुरुजी मुलांना मृदंग शिकवतात. मी गेले तेव्हा खोलीत मृदंग एकच होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. सात-आठ मुलं मांडीवर टाळ्या देत तोंडानं बोल म्हणत होती. यालाच ‘कोन्नकोल’ म्हणतात. ‘तकधिमि’ म्हणजे चार, ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तदिगिनतोम्’ म्हणजे पाच. तीन, चार, पाच, सात, नऊ या पाच ‘जाती’. हाताची लय बदलायची नाही, तोंडातली जात बदलायची. एक मुलगी हातानं चार धरून तोंडानं सात म्हणत होती आणि त्याच वेळी खिडकीतून खाली कुणाला तरी बघत होती.

गुरुजींना मी गणित समजावून सांगायला सांगितलं. त्यांनी खडू घेतला. आदि ताल आठ मात्रांचा. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की एका आवर्तनात बत्तीस. आता समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं आहे आणि हातात सात अक्षरांचा एक बोल आहे, तो तीनदा म्हणायचा आहे. तीनदा सात म्हणजे एकवीस. बत्तिसातून एकवीस गेले, अकरा उरले. म्हणजे अकरा सोडून सुरू केलं की तिसऱ्यांदा बोल संपताच सम. मधल्या दोन जागी दोन-दोनची विश्रांती घेतली तर पंचवीस झाले, मग सातच सोडायचे. ‘हे सगळं वाजवताना मोजता?’ असं मी विचारलं. मुलं हसली. वाजवताना मोजायला लागलात तर आधीच चुकलात, असं गुरुजींचं म्हणणं. मोजणी घरी व्हायला हवी. मैफिलीत फक्त उत्तर यायला हवं.

आपल्या तबल्यात हीच तिहाई. तीनतालात पाच मात्रांचा बोल तिसऱ्या मात्रेपासून उचलला आणि न थांबता तीनदा वाजवला की शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर पडतो. ऐकणाऱ्याला हे आकडे कळत नाहीत. एवढंच कळतं की काहीतरी उधळलं होतं, ते आता घरी येतंय, आणि आपला हात आपोआप वर जातो. षण्मुखानंदमध्ये एकाच वेळी हजारो हात वर जाताना मी पाहिले आहेत.

जॅझचा वादक वेगळं मोजतो. त्याच्या मनात बारची रांग असते: चार ठोक्यांचा एक बार, असे आठ, बारा किंवा बत्तीस बार, आणि त्यांच्यावर बदलत जाणारे कॉर्ड. तो कॉर्डच्या वळणांना सुरांनी उत्तर देतो, आणि रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या ठोक्याला तो ‘वन’ म्हणतो. पण त्याचा ‘वन’ दर बारला येतो, समेसारखी त्याची वाट बघायला लागत नाही. आपल्याकडं कॉर्ड बदलत नाहीत, म्हणून ताण कुठून तरी दुसरीकडून आणायला लागतो. तो समेपासून लांब जाण्यातून आणि परत येण्यातून येतो. दोन्ही पद्धती एकाच रचनेत आणायच्या तर कॉर्डचं वळण आणि तिहाईचं टोक एका ठिकाणी पडलं पाहिजे. नाहीतर दोन माणसं एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडायला बघतात.

मॅक्लॉफ्लिन हे वरवर शिकले नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडं ते वीणेचे धडे घेत होते. आणि ज्या वर्षी चेन्नईत हा अल्बम मुद्रित झाला त्याच वर्षी, विक्कूंचे चिरंजीव सेल्वगणेश यांच्याबरोबर केलेली कोन्नकोल शिकवणारी त्यांची डीव्हीडी आली. गिटारवादकानं गिटार न शिकवता तोंडानं ताल म्हणायला शिकवणं, ही मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत खरी खूण वाटते. माटुंग्याच्या गुरुजींना त्यांचं नाव माहीत होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘हात बरोबर ठेवतो ना?’ ठेवतो, म्हटलं.

मुंबईचे सेशनवाले

रणजित बारोट यांच्या ड्रमकडं नीट कान दिला की रॉकच्या ड्रमरपेक्षा एक फरक जाणवतो. रॉकमध्ये ड्रमर बारच्या शेवटी ‘फिल’ मारतो. म्हणजे चार ठोके संपत आले की टॉमटॉमवर गडगडाट आणि पुन्हा पहिल्या ठोक्याला झांज. बारोटांचा गडगडाट कुठंही सुरू होतो, बारच्या भिंती ओलांडून जातो, बाकीचे वाट चुकले की काय असं वाटेपर्यंत लांबतो आणि मग सगळ्यांबरोबर एका जागी उतरतो. ते तिहाई ड्रमसेटवर वाजवत आहेत. याचं आश्चर्य वाटायला नको. त्यांच्या आई कथक नर्तकी सितारादेवी. कथकमध्ये नर्तकी आधी परण तोंडानं म्हणते, मग तेच पायांनी काढते. ज्या घरात दिवसभर बोल पडत असतील, तिथं वाढलेल्या मुलाच्या हातात काठ्या आल्या तरी तोंडातले बोल जात नाहीत. अल्लारखाँ त्या रचनेत कुठे आहेत याचं माझं उत्तर हे. तबला वगळून त्याचं व्याकरण ड्रमवर आलं आहे.

पण नुसतं घराणं पुरत नाही. चेन्नईत थोड्या वेळात अवघड रचना बसवायच्या म्हणजे कागदावर लिहिलेलं लगेच वाचता आलं पाहिजे, हेडफोनमधल्या क्लिकवर टिकून वाजवता आलं पाहिजे, आणि ‘पुन्हा एकदा’ म्हटल्यावर तोंड वाकडं न करता पुन्हा वाजवता आलं पाहिजे. हे शिक्षण मुंबईत मैफिलीत मिळत नाही. ते सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या सेशनमध्ये मिळतं.

या शिक्षणाचा उगम बघायला मी धोबी तलावाला गेले. जेर महाल इमारत, गोवेकरांच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांची वसतिगृहं, आणि वाद्यांची दुकानं. दुकानात कॉलेजची मुलं इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन बघत होती. हल्ली गिऱ्हाईक काय मागतं, असं विचारल्यावर काउंटरवरच्या माणसानं एकाच वाक्यात निकाल लावला: आधी युट्यूबवर बघून येतात, मग आम्हालाच शिकवतात. पन्नास-साठच्या दशकात याच भागात राहणारे गोव्याचे ख्रिस्ती वादक सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांचा कणा होते. चर्चच्या शाळेत ते लहानपणी नोटेशन शिकून आलेले. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, आणि ती साठ वादकांच्या कागदावर उतरवायचं काम चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर करायचे. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्या मानानं या माणसाचं नाव लोकांना माहीत आहे ते एका सिनेमातल्या गाण्यामुळं. असो.

लुई बँक्स या परंपरेत बाहेरून आले. दार्जिलिंगचे, वडील ट्रम्पेटवादक. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर रेस्टॉरंटांत जॅझ वाजवत असताना आर. डी. बर्मन यांनी त्यांना मुंबईत आणलं. मग सिनेमे, आणि जाहिरातींच्या जिंगल तर किती केल्या त्याला गणती नाही. १९८८ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या ‘मिले सूर मेरा तुम्हारा’च्या संगीतामागंही त्यांचा हात आहे. दिवसा तीस सेकंदांचं साबणाचं संगीत करायचं आणि रात्री जॅझ वाजवायचं, असं मुंबईच्या जॅझवाल्यांचं आयुष्य. निरंजन झवेरी यांच्या खटपटीतून १९७८ मध्ये जॅझ यात्रा सुरू झाली, रंगभवनच्या उघड्या मांडवात जगभरचे वादक येऊ लागले, तेव्हा या मंडळींना आपली खरी विद्या दाखवायला जागा मिळाली. उरलेले दिवस साबणाचेच.

जिंगलच्या त्या वर्षांना मी वाया गेलेली म्हणणार नाही. तीस सेकंदांत सुरुवात, मध्य, शेवट बसवणारा माणूस वेळेच्या बाबतीत निर्दय होतो. ‘फ्लोटिंग पॉइंट’मध्ये बँक्स फार थोडं वाजवतात, आणि त्यांचा प्रत्येक कॉर्ड जिथं पडायला हवा तिथंच पडतो. २००८ च्या अल्बमांसाठीच्या ग्रॅमी नामांकनांत समकालीन जॅझच्या गटात हा अल्बम होता. त्याच यादीत ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ही होता, आणि त्यातही बँक्स आहेत. पुरस्कार दोन्हींना मिळाला नाही. तो रँडी ब्रेकर यांच्या ब्राझीलवरच्या अल्बमला गेला.

तारेखालची जागा

गिटारचं आपल्या संगीताशी एक मूळ भांडण आहे. तिच्या पट्टीवर धातूच्या आडव्या कड्या ठोकलेल्या, म्हणजे स्वरांच्या पायऱ्या पक्क्या. मींड घ्यायची तर तार बाजूला ओढायची, तीही थोडीच. देबाशिष भट्टाचार्यांसारखे वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूचा दांडा सरकवतात, त्यामुळं कड्यांचा प्रश्नच उरत नाही. मॅक्लॉफ्लिन यांनी ‘शक्ती’साठी दुसरा उपाय केला. एब्रॅहम वेक्टर या कारागिराकडून त्यांनी खास गिटार बनवून घेतली. तीत दोन कड्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं, त्यामुळं बोटाखाली लाकूडच नाही. तार खाली दाबली की वीणेसारखा स्वर वर चढतो. वर सात जादा तारा तिरप्या लावल्या, तरफांसारख्या गुंजणाऱ्या.

‘फ्लोटिंग पॉइंट’मध्ये हे लाकूडकाम मागं पडलं आणि विजेचं काम पुढं आलं. बराच भाग त्यांनी गिटार-सिंथवर वाजवला आहे. ऐकताना वाटतं कुणी ट्रम्पेट किंवा बासरी वाजवतंय, आणि बोटं असतात गिटारवर. हे कसं चालतं ते अंधेरीतल्या एका जॅमपॅडमध्ये, म्हणजे तासावर मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत, एका तरुण वादकानं मला वाद्य उलटंपालटं करून दाखवलं. गिटारवर सहा तारांखाली सहा वेगळे पिकअप असतात. प्रत्येक पिकअप आपल्या तारेचा कंप ऐकतो, यंत्र तो कोणता स्वर आहे ते ओळखतं आणि त्याच्या जागी दुसऱ्या वाद्याचा आवाज काढतं. गोम अशी की स्वर ओळखायला यंत्राला तारेचं निदान एक आंदोलन तरी पुरतं ऐकायला लागतं. सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंपते, म्हणजे एका आंदोलनाला बारा मिलिसेकंद. बारीक तारांना याहून कितीतरी कमी. म्हणजे त्याच हातानं, त्याच लयीत वाजवलं तरी जाड तारेवरचा स्वर किंचित उशिरा बाहेर येतो. सावकाश गाण्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोळाव्या भागात धावणाऱ्या सुरावटीत येतं. म्हणून वादक जाड तार जराशी आधी छेडतो. किती आधी, ते तो सांगू शकत नाही.

मला मात्र गिटार-सिंथचा तो गुळगुळीत आवाज फार वेळ ऐकवत नाही. हातानं तार छेडल्याची खरखर निघून गेली की मॅक्लॉफ्लिन यांच्या वाजवण्यातला राग, ती घाई, तेही थोडं निघून जातं. अल्बममध्ये जिथं ते साध्या इलेक्ट्रिक गिटारवर येतात तिथं मी आवाज वाढवते. या मतावर जॅमपॅडमधले तिघंही माझ्याशी भांडले.

ते तिघं गिटार, बेस आणि ड्रम. त्या दिवशी ते ‘अब्बाजी’ बसवायला बघत होते. खोली लहान, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम, एसीचा आवाज ड्रममध्ये मिसळलेला. तासाचे पैसे दारावर लिहिलेले. सुरुवातीची सुरावट गिटार आणि बेसनं एकत्र वाजवायची ठरवली होती आणि ती तीन-चारदा छान झाली. मग ड्रमरनं तिहाई घेतली आणि बेसवाला नेमका तिच्या मध्यावर ‘वन’ समजून उतरला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथंच. शेवटी ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या, मांडीवर टाळी धरली आणि तोंडानं तो तुकडा म्हणून दाखवला. बेसवाल्यानं बेस गळ्यातच ठेवून तोंडानं म्हटला. मग गिटारवाल्यानं. वातानुकूलित खोलीत तिघं जण वाद्यं बंद करून ‘तकधिमि’ म्हणत उभे आणि बाहेर पुढचा बँड घड्याळ बघत उभा. हे सगळं शिकलात कुठं, असं विचारलं तर ड्रमर बारोटांच्या व्हिडिओंवर, आणि बेसवाला डोंबिवलीतल्या एका तबल्याच्या क्लासात. तो क्लास त्यानं चौथीत सोडला होता.

नऊ मिनिटांचे पैसे

आता दुसरा हिशोब. महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि ‘शक्ती’ यांच्या तबकड्या कोलंबियासारख्या बड्या कंपनीनं काढल्या होत्या. त्या काळी शब्दांविना, मोठमोठ्या लांबीच्या, विषम मात्रांच्या संगीतावरही कंपन्या पैसे लावत. २००८ पर्यंत ती सवय सुटली होती. ‘फ्लोटिंग पॉइंट’ काढला ‘अॅब्स्ट्रॅक्ट लॉजिक्स’नं. भारतातून अमेरिकेत गेलेले सौविक दत्ता यांनी नॉर्थ कॅरोलायनात चालवलेली ही कंपनी. अशा कंपनीचं गणित बड्या कंपनीपेक्षा वेगळं असतं. लाखो लोकांना गाठायचं नसतं. जगभर पसरलेल्या थोड्या हजार माणसांना, ज्यांना वेन क्रांट्झ आणि अॅलेक्स माचाचेक या गिटारवादकांमधला फरक कळतो, थेट गाठायचं असतं. सीडी टपालानं पाठवायच्या, मुद्रणाची चित्रफीत वेगळी विकायची, वादकांना एकत्र आणून महोत्सव करायचा. २०१० मध्ये रॅली शहरात त्यांनी ‘न्यू युनिव्हर्स’ नावाचा महोत्सव केला, त्यात मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर बारोटही होते. बारोटांचा स्वतःचा ‘बडा बूम’ हा अल्बमही याच कंपनीनं काढला आणि पुढं ते मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘फोर्थ डायमेन्शन’ या संचाचे नेहमीचे ड्रमर झाले.

पण मॅक्लॉफ्लिन यांच्या मागं चाळीस वर्षांचं नाव होतं. ज्याच्यामागं काही नाही त्यानं काय करावं? पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत, आईवडिलांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, एक तिशीतला गिटारवादक आपला अल्बम करतो आहे. नाव छापू नका म्हणाला, अजून काही बाहेर आलेलं नाही. खोलीत गाद्या उभ्या करून भिंती केल्या आहेत. अँप्लिफायर आहे, पण तो वाजवला की खालचे काका वर येतात, म्हणून गिटार थेट कॉम्प्युटरमध्ये जाते आणि अँपचा आवाज सॉफ्टवेअरमधून घेतला जातो. ड्रमर बंगळुरूत. याने क्लिकवर आपली गिटार वाजवून फाइल पाठवायची, त्याने आपल्या खोलीत ड्रम वाजवून परत पाठवायचे. ड्रमसाठी पैसे मोजतो, कारण मायक्रोफोन आणि बरी खोली त्याच्याकडंच आहे. चेन्नईत सगळे एका जागी होते. एकानं वळण घेतलं की दुसऱ्याला दिसत होतं. इथं ड्रमरला गिटारवाल्याचे डोळे दिसत नाहीत, म्हणून तिहाई कुठून सुरू होणार ते फाइलबरोबर कागदावर लिहून पाठवायला लागतं. ‘अकरा सोडून’, मी त्याच्या वहीत वाचलं आणि माटुंग्याचा खडू आठवला.

स्ट्रीमिंगमधून काय मिळतं, असं विचारल्यावर तो हसला नाही, वही उघडली. तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते. म्हणजे दोन मिनिटांचं गाणं आणि नऊ मिनिटांची रचना, दोन्हींना एकच दाम. ऐकणाऱ्यानं अठरा मिनिटांत नऊ गाणी ऐकली तर नऊ वेळा पैसे, याच्या दोन रचना ऐकल्या तर दोनदा. शिवाय स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे की वर्षात हजाराच्या आत स्ट्रीम झालेल्या तुकड्याला काहीच द्यायचं नाही. शब्द नसल्यामुळं रील्सवर कुणी ओठ हलवत नाही. बँडकॅम्पवर बरं, ते डिजिटल विक्रीतून सहसा पंधरा टक्केच ठेवतात, पण तिथं येणारा माणूस आधीच पटलेला असतो. नव्यानं पटवायचं तर दुसरीकडंच जायला लागतं. अल्बमचा खर्च अल्बममधून निघणार नाही, हे त्यानं पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. तो निघणार शिकवण्यांतून. जगभरची मुलं ऑनलाइन येतात, त्यांना याचे सोलो शिकायचे असतात, म्हणून तो सोलोची टॅब आणि गिटार काढून टाकलेला बॅकिंग ट्रॅक विकतो. अल्बम म्हणजे त्या दुकानाची पाटी, असं तो म्हणाला. मला वाईट वाटलं, पण त्याच्या आवाजात रडगाणं नव्हतं. मुंबईच्या जॅझवाल्यांच्या जिंगल होत्या, याच्या शिकवण्या आहेत.

मी गेले त्या दिवशी फोनवर बंगळुरूच्या ड्रमरशी वाद चालला होता. कुणीतरी त्याला सल्ला दिला होता की सर्वांत लांब रचना मधोमध तोडून दोन ट्रॅक कर, म्हणजे दोनदा मोजली जाईल. तोडायची जागाही चांगली होती, जिथं बेस थांबतो आणि गिटार एकटी उरते. ड्रमर ऐकायला तयार नव्हता. त्या जागी गिटार एकटी असली तरी तिहाई आधीच सुरू झालेली आहे, तिचा पहिला बोल एका ट्रॅकमध्ये आणि उरलेले दोन दुसऱ्यात जातील, आणि मधे फोनवर जाहिरात लागली तर सम जाहिरातीवर पडेल, असं त्याचं म्हणणं. गिटारवाल्यानं थोडी हुज्जत घातली, तिहाई चार आवर्तनं पुढं ढकलता येईल का तेही विचारलं. पुढं ढकलली तर कॉर्डचं वळण चुकत होतं. रचना अखंडच राहिली, नऊ मिनिटं बारा सेकंदांची, आणि दिवाळीनंतर ती तशीच मास्टरिंगला जाईल.